एकट्यानं की ग्रुपनं? काका कालेलकरांना विचारूया

सेमिस्टर संपली की मालवणच्या कट्ट्यांवर एक प्लॅन हमखास शिजतो. सायकली काढायच्या, पहाटे भरडावरून निघायचं, चौके-परुळे करत वेंगुर्ला गाठायचं. पन्नासच्या आत-बाहेर किलोमीटर. दुसऱ्या दिवशी शिरोडा, रेडी आणि तेरेखोलच्या फेरीबोटीनं पलीकडे गोव्यात. व्हॉट्सअॅपवर ग्रुप होतो, ग्रुपला नाव मिळतं, डीपी लागतो. मग हळूहळू गळती सुरू होते. एकाच्या घरी लग्नकार्य निघतं, दुसऱ्याच्या सायकलचा टायर गेलेला असतो, तिसरा म्हणतो तुम्ही व्हा पुढे, मी एसटीनं येतो. शेवटी ग्रुपमध्ये बारा जण आणि निघायला तयार एकच उरतो. तो म्हणजे तुम्ही.

आता काय करायचं? एकट्यानं निघायचं, की सगळे जमेपर्यंत थांबायचं? घरी हा विषय काढून बघा. किती किलोमीटर, कुठे राहणार, पैसे किती, यातलं काहीही विचारायच्या आधी आई विचारेल, सोबतीक कोण आसा? मुलगी असाल तर हा प्रश्न दोनदा येतो. दुसऱ्यांदा जरा वरच्या आवाजात.

या प्रश्नाचं उत्तर शोधायला आपल्याच जिल्ह्याशी नाळ असलेल्या एका माणसाकडे जाऊया. त्यानं सायकलवरून नाही, पायी प्रवास केला. पण कोणाबरोबर जायचं, कोणासाठी थांबायचं आणि कधी एकट्यानं राहायचं, हे त्याला आयुष्यभर ठरवावं लागलं. कधी त्यानं ठरवलं, कधी दुसऱ्यांनी त्याच्यासाठी ठरवलं. नाव दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर. सगळा देश त्यांना काका कालेलकर म्हणून ओळखतो.

कालेलीचे कालेलकर

आडनावातच गाव आहे. सावंतवाडी परिसरातलं कालेली हे या घराण्याचं मूळ गाव. काकांचा जन्म मात्र 1 डिसेंबर 1885 रोजी साताऱ्यात झाला. वडील सरकारी नोकरीत, हिशेबाच्या कामात. बदली झाली की बिऱ्हाड उचलायचं. सातारा, कारवार, धारवाड, बेळगाव अशी गावं त्यांच्या लहानपणात आली. बेळगावजवळच्या बेळगुंदीशी आणि तिथून वाहणाऱ्या मार्कंडी नदीशी तर त्यांचं कायमचं नातं जुळलं.

घरात काका सगळ्यात धाकटे. धाकट्या भावंडाची प्रवासातली अवस्था तुम्हाला सांगायला नको. कुठे जायचं, कधी निघायचं, कुठे थांबायचं, काहीच त्याच्या हातात नसतं. मोठ्यांच्या बोलण्यात त्याला जागा नसते. मग तो करतो काय? बाहेर बघतो. काकांनी तेच केलं. बैलगाडीतून दिसणारी झाडं, नदीचं पात्र, कारवारचा समुद्र, सगळं डोळ्यांत साठवलं. मोठेपणी त्यांनी 'स्मरणयात्रा' हे बालपणाच्या आठवणींचं पुस्तक लिहिलं, तेव्हा हे साठवलेलं सगळं बाहेर आलं.

म्हणजे काकांचा पहिला प्रवास हा मोठ्या ग्रुपमधला. तोही स्वतः न निवडलेल्या ग्रुपमधला. घरच्यांबरोबर देवदर्शनाला गाडीच्या मागच्या सीटवर कोंबून नेलेल्या प्रत्येकाला हा प्रवास माहीत आहे. तो वाया जात नाही, एवढं काकांकडे बघून म्हणता येतं. गर्दीत बसूनही स्वतःपुरतं बघता येतं. फक्त गाडी कुठे थांबवायची हे तुम्ही ठरवू शकत नाही.

शाळा बंद पडली आणि वाट उघडली

पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजमधून तत्त्वज्ञान घेऊन काका 1907 साली बी.ए. झाले. तो काळ वंगभंगाच्या चळवळीचा, लोकमान्यांच्या अटकेचा. तुमच्या वयाची मुलं नोकरीपेक्षा देशाचं काय करायचं यावर रात्री जागवत होती. काका बेळगावात शाळेत शिकवायला लागले, मग मुंबईला 'राष्ट्रमत' या मराठी दैनिकात गेले आणि 1910 साली बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात दाखल झाले.

गंगनाथ ही राष्ट्रीय शिक्षणाची शाळा. बॅरिस्टर केशवराव देशपांडे तिच्यामागे होते. शिक्षकांना सर किंवा मास्तर म्हणायचं नाही, घरातल्या नात्यानं हाक मारायची, अशी तिथली पद्धत. म्हणून दत्तात्रेय कालेलकर 'काका' झाले आणि विठ्ठल लक्ष्मण फडके 'मामा' झाले. ही नावं दोघांनाही जन्मभर चिकटली. काकांचं काकापण हे असं एका शाळेतलं आहे, वयाच्या पंचविशीतलं.

1912 साली राजकीय दबावामुळे ती शाळा बंद करावी लागली. जिच्यासाठी सगळं सोडून आलो ती जागाच गेली. आज आपण याला करिअर ब्रेक म्हटलं असतं. काकांच्या मनात दोन ओढी होत्या. एक देशाच्या कामाची, दुसरी आध्यात्मिक साधनेची. शाळा गेल्यावर दुसरी वर आली. त्यांनी हिमालय गाठायचं ठरवलं, आणि ते हवापालट करून परतायचं अशा बेतानं नाही. तिथे आयुष्याची दिशा शोधायची होती.

आणि इथे तोच आपला प्रश्न आला. एकट्यानं की सोबतीनं?

तिघांचा ग्रुप

त्या काळात हिमालयात जाण्याच्या दोन रुळलेल्या तऱ्हा होत्या. एक साधूची: एकट्यानं, झोळी खांद्याला, कोणाशी बांधिलकी नाही. दुसरी यात्रेकरूंची: गावचा अख्खा जथा, बरोबर म्हातारे-कोतारे, पंडे, पोथ्या, रोजचा गलका. साधनेसाठी निघालेल्या सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या तरुणानं पहिली तऱ्हा निवडली असती, तर कोणालाच आश्चर्य वाटलं नसतं.

काकांनी तिसरी निवडली. ते तिघं होते. काका, अनंतबुवा मर्ढेकर आणि स्वामी आनंद.

हे सोबती कोण होते ते बघा, कारण सगळी गंमत त्यात आहे. स्वामी आनंद मूळचे गुजरातचे, पूर्वाश्रमीचे हिंमतलाल दवे. लहानपणीच घर सोडून साधूंबरोबर फिरलेले. मराठी उत्तम. लोकमान्यांच्या 'केसरी'त त्यांनी काम केलं होतं, 'राष्ट्रमत'शीही त्यांचा संबंध होता. हिमालयात ते याआधी राहून आले होते आणि 1912 साली अल्मोड्यात मुलांना शिकवत होते. म्हणजे पहाड ठाऊक असलेला, कामातून पारखलेला माणूस. मर्ढेकरबुवा मराठी मुलखातले, काकांसारखेच ओढीनं निघालेले. तिघांपैकी कोणीही दुसऱ्याच्या आग्रहाखातर आलेला नव्हता. कोणालाही ओढत न्यायचं नव्हतं.

आपले ग्रुप कसे होतात? वर्गात शेजारी बसतो म्हणून, रूममेट आहे म्हणून, त्याला नाही सांगितलं तर वाईट वाटेल म्हणून. मग चढावर कळतं की एकाला फोटो हवेत, दुसऱ्याला वेळेत पोचायचंय आणि तिसऱ्याला मुळात यायचंच नव्हतं. मैत्री चांगली असते, सोबत चुकलेली असते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिनेमाला बरोबर जाणारा मित्र भर उन्हात सड्यावरून दहा किलोमीटर न कुरकुरता येईलच असं नाही. आणि आला नाही म्हणून तो मित्र नाही, असंही नाही.

चट्टीवरचा मुक्काम

तो प्रवास नेमका कसा होता याची कल्पना करा. रेल्वे हरिद्वार, डेहराडून किंवा काठगोदामपर्यंत. पुढे पायच. यमुनोत्री, गंगोत्री, केदारनाथ, बद्रीनाथ, चारही धाम समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरच्या वर. आपल्या आंबोलीच्या चौपटीहून जास्त उंची. वाटेत काही काही मैलांवर 'चट्टी' लागायची. चट्टी म्हणजे यात्रेकरूंची साधी पडवी आणि तिला लागून एक दुकान. दुकानदाराकडून पीठ, डाळ, लाकडं घ्यायची. भांडी तो वापरायला द्यायचा. झोपायचे पैसे नाहीत. सकाळी भांडी परत करून पुढची चट्टी धरायची.

अशा मुक्कामात माणूस पूर्णपणे एकटा कधीच नसतो, आणि गर्दीत असूनही त्याला कोणी अडवत नाही. चूल पेटवायला तीन हात बरे. एकाला ताप आला तर दोघं आहेत. पण वाट अरुंद असते, चढ दमछाक करणारा असतो, तिथे बोलायला श्वासच उरत नाही. चालताना प्रत्येक जण आपापला, रात्री चुलीशी तिघं एकत्र. पहाडातली पायवाट ही सोय आपोआप करून देते.

सायकललाही हे तंतोतंत लागू आहे. पॅडल मारताना तुम्ही एकटेच असता, पाठीमागे दहा जण असले तरी. चढ तुमच्या वाट्याचा तुम्हालाच चढायचा असतो. सोबत लागते ती थांबल्यावर. पंक्चर काढताना, चहा पिताना, रात्री आज काय बघितलं ते सांगताना. म्हणून बरोबर जाऊन दिवसभर अंतर ठेवून चालवणं, ठरलेल्या नाक्यावर भेटणं, हाही एक ग्रुपच आहे. सगळ्यांनी एका ओळीत, एका वेगानं जायला ती काही परेड नाही.

काकांची ही पायी भटकंती पंचवीसशे मैलांच्या घरात जाते, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. म्हणजे चार हजार किलोमीटर. आपण मालवण-वेंगुर्ला करून स्टेटस टाकतो त्याच्या ऐंशीपट.

घरी कोण होतं?

इथे एक गोष्ट टाळून पुढे जाता येणार नाही. काकांचं लग्न झालेलं होतं. हिमालयात निघाले तेव्हा घरी पत्नी लक्ष्मीबाई होत्या. नवरा साधनेला जातो, कधी येईल ते माहीत नाही, येईल की नाही तेही माहीत नाही. यात त्यांचं मत कोणी विचारलं असेल, असं त्या काळाकडे बघून वाटत नाही. काकांच्या प्रवासावर पुस्तक आहे. त्याच महिन्यांत लक्ष्मीबाईंचे दिवस कसे गेले यावर नाही.

एकट्यानं निघण्याचं स्वातंत्र्य आपण नेहमी निघणाऱ्याच्या बाजूनं मोजतो. ते शक्य होतं, कारण मागे कोणीतरी घर धरून बसलेलं असतं. आज तुम्ही चार दिवस सायकलवर गेलात, तर दुकानावर कोण बसणार, आजीला डॉक्टरकडे कोण नेणार, होमस्टेचं बुकिंग कोण बघणार? मे महिन्यात मालवणातल्या कितीतरी घरांत हे प्रश्न खरे असतात. त्यांचं उत्तर न देता निघालात, तर सोलो ट्रिपचं बिल घरातलं दुसरंच कोणीतरी भरत असतं.

आणि मुलींनो, ही गोष्ट उलट बाजूनंही बघा. शंभर वर्षांपूर्वी संसार सोडून निघालेल्या पुरुषाला लोकांनी साधक म्हटलं. आज एक मुलगी परत येण्याची तारीख, मुक्कामाचं ठिकाण आणि फोन नंबर देऊन दोन दिवस सायकलवर जाते म्हणते, तर तिला हट्टी म्हणतात. आईचा प्रश्न काळजीतून येतो, आणि काही वेळा ती काळजी खरी असते. अंधार पडल्यावर सड्यावरच्या निर्मनुष्य रस्त्यानं कोणीच एकट्यानं जाऊ नये, मुलगा असो की मुलगी. पण काळजी आणि बंदी यांत फरक आहे. काळजीवर उपाय काढता येतो: वेळा ठरवणं, मुक्काम ओळखीच्या घरी करणं, पहिल्यांदा एक दिवसाचीच फेरी करणं. बंदीवर उपाय नसतो. घरी बोलताना नेमकं कशाबद्दल बोलतोय, ते आधी स्पष्ट करून घ्या.

परत आले, आणि मग सांगितलं

काका हिमालयात राहिले नाहीत. परत आले. पुढे आचार्य कृपलानींबरोबर ब्रह्मदेशही पाहून आले. 1914 च्या सुमारास रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात पोचले. तिथे दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या गांधीजींच्या फिनिक्स आश्रमाच्या मंडळींशी त्यांची गाठ पडली आणि फेब्रुवारी 1915 मध्ये खुद्द गांधीजींशी. तिथून पुढचं आयुष्य ठरलं. साबरमती आश्रम, राष्ट्रीय शाळा, गुजरात विद्यापीठ, चळवळ, तुरुंग. हिमालयातले सोबती स्वामी आनंदही गांधीजींकडे आले आणि 'नवजीवन'च्या कामात बुडाले. तिघांपैकी दोघं पुन्हा एकाच वाटेवर. ज्यांच्याबरोबर चढ चढलात त्यांच्याबरोबर पुढे काम करणं जमतं, याचा हा पुरावाच म्हणा.

आश्रमात विद्यार्थ्यांसाठी काकांनी हिमालयाच्या आठवणी लिहायला घेतल्या. लिहिल्या गुजरातीत, कारण मुलं गुजराती होती. 1924 साली ते पुस्तक झालं. मराठी वाचक ते 'हिमालयातील प्रवास' म्हणून ओळखतात. प्रवास 1912 चा, पुस्तक 1924 चं, मध्ये बारा वर्षं. आपण वेंगुर्ल्याला पोचायच्या आत रील टाकतो. त्याला नावं ठेवायची नाहीत, पण बारा वर्षांनी आपल्याला त्या रस्त्याचं काय आठवेल, हा प्रश्न स्वतःला विचारून बघायला हरकत नाही.

मराठी माणसानं गुजरातीत असं लिहिलं की गांधीजींनी त्यांना सवाई गुजराती ठरवलं. पुढे नद्यांवरचं 'लोकमाता' आलं, आणखी प्रवासवर्णनं आली. पूर्व आफ्रिका झाली, जपान झालं. 1964 मध्ये पद्मविभूषण, 1965 मध्ये गुजराती लेखनासाठी साहित्य अकादमी पुरस्कार. कालेलीचं आडनाव मिरवणारा माणूस गुजरातच्या शाळांमधल्या धड्यांत घराघरांत पोचला.

सोबती येत नाही म्हणाला तर?

आता तो प्रसंग, जो प्रत्येक ट्रिपला घडतो. 1927 साली गांधीजी आजारातून उठून म्हैसूर संस्थानात फिरत होते. काका बरोबर होते. मुक्काम शरावतीच्या परिसरात सागर या गावी पडला. तिथून जोगचा म्हणजे गिरसप्पाचा धबधबा अगदी आवाक्यात. काका तर नद्यांचे वेडे. त्यांनी गांधीजींना चला म्हणून खूप आग्रह केला. देशातला एवढा मोठा धबधबा, इतक्या उंचीवरून पाणी पडतं, वगैरे. गांधीजींनी पावसाचं पाणी त्याहून उंचावरून पडतं, अशा अर्थाचं काहीतरी सांगून विषय हसण्यावारी नेला आणि आले नाहीत. निदान महादेवभाई देसाईंना तरी पाठवा म्हटलं, तर तेही येईनात. महादेवभाईंचा गिरसप्पा म्हणजे मीच, असा गांधीजींचा सूर.

अशा वेळी आपण काय करतो? चिडतो. किंवा मग राहू दे, तू नाही तर मीही नाही, असं म्हणून मन मारतो आणि वर्षभर बोलून दाखवतो. काकांनी दोन्ही केलं नाही. राजाजी वगैरे मंडळी जायला तयार होती, त्यांच्याबरोबर ते गेले, मनसोक्त धबधबा पाहिला, परत येऊन पुन्हा कामाला लागले. ज्या माणसासाठी आयुष्य वाहिलं, त्याला जोग बघायचा नव्हता. ठीक आहे. त्यामुळे जोग कमी झाला नाही आणि गांधीजीही कमी झाले नाहीत.

प्रत्येक जवळच्या माणसाला आपली प्रत्येक आवड असलीच पाहिजे, हा हट्ट सोडला की निम्म्या ट्रिपा मार्गी लागतात.

एकटेपणाची खरी परीक्षा

काका एकटे राहिले ते हिमालयात नाही, तुरुंगात. 1923 साली साबरमतीच्या तुरुंगात असताना त्यांनी कोठडीभोवतीच्या जिवांकडे बघायला सुरुवात केली. खारी, कावळे, मुंग्या, कडुनिंबाचं झाड. त्यावर 'ओतराती दीवालो', म्हणजे उत्तरेकडच्या भिंती, हे छोटं पुस्तक झालं. रात्री आकाशाचा जेवढा तुकडा दिसेल तेवढ्यात ते तारे ओळखायचे. 1930 मध्ये येरवड्यात गांधीजींचे सोबती म्हणून त्यांना ठेवलं गेलं. त्यानंतरच्या चळवळीत बेळगावजवळच्या हिंडलगा तुरुंगात गेले आणि तिथल्या दिवसांतून मराठी 'हिंडलग्याचा प्रसाद' आला.

जो माणूस चार भिंतींत महिनोन्महिने कंटाळला नाही, त्याला एकट्यानं फिरायची भीती कसली? तरीही त्यानं हिमालयात सोबती निवडले. म्हणजे सोबत त्याला भीतीपोटी नको होती. आपल्या बाबतीत हे तपासून बघण्यासारखं आहे. काही जण ग्रुपशिवाय हलत नाहीत, कारण स्वतःबरोबर दोन तास काढायचे म्हटले की त्यांचा हात फोनकडे जातो. आणि काही जण सोलोचा झेंडा मिरवतात, कारण दुसऱ्यासाठी दहा मिनिटं थांबणं त्यांना जमत नाही. दोघांनीही एकदा उलटं करून बघावं.

स्वातंत्र्यानंतर काका राज्यसभेत गेले. 29 जानेवारी 1953 रोजी नेमलेल्या पहिल्या मागासवर्ग आयोगाचे ते अध्यक्ष झाले. 30 मार्च 1955 रोजी अहवाल दिला, आणि सोबतच्या पत्रात आपल्याच आयोगाच्या मुख्य निष्कर्षांबद्दल स्वतःचं वेगळं मत कळवलं. त्या भूमिकेवर टीका झाली, आजही होते. तो वाद मोठा आहे आणि इथे मावणारा नाही. सगळ्यांना घेऊन चालतानाही आपलं मत आपल्याला एकट्यालाच मांडावं लागतं, आणि त्याची जबाबदारीही एकट्याचीच असते, इतकं त्यातून दिसतं.

21 ऑगस्ट 1981 रोजी काका गेले. वय पंचाण्णव.

सायकलवाल्यांचं काय?

कोणी म्हणेल, काका चालत गेले, सायकलची गोष्ट वेगळी. बरं, सायकलची गोष्ट घ्या. 15 ऑक्टोबर 1923 रोजी मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रदक्षिणेला निघाले. अदी हकीम, जाल बापसोला आणि रुस्तम भुमगारा हे तिघं 1928 मध्ये ती पूर्ण करून परतले; बाकीचे तिघं वाटेत वेगवेगळ्या टप्प्यांवर गळाले. दुसरीकडे 1924 साली फ्रामरोज दावर हा मुंबईचाच तरुण एकटा निघाला. व्हिएन्नात त्याला गुस्ताव नावाचा ऑस्ट्रियन सायकलस्वार भेटला आणि पुढे सहारासकट कितीतरी मुलूख त्या दोघांनी मिळून पार केला.

सहा निघाले, तीन राहिले. एक निघाला, दोन झाले. घरातून निघताना असलेली संख्या शेवटपर्यंत टिकतेच असं नाही. मग सगळे जमेपर्यंत थांबायचं कशाला?

तर मग ठरवा

आपल्या किनाऱ्याचा रस्ता काकांच्या हिमालयाइतका नाही, पण सोपाही नाही. प्रत्येक खाडीला उतरायचं आणि पलीकडे पुन्हा चढायचं. जांभ्याच्या सड्यावर मैलभर सावली नसते. मध्येच मोबाइलची रेंज जाते आणि पंक्चरवाला दोन गावं सोडून असतो. त्यामुळे आधी छोटी फेरी करा. मालवणहून तारकर्ली, देवबाग, जिथे कर्लीची खाडी आणि समुद्र भेटतात आणि रस्ता संपतो, तिथपर्यंत एकट्यानं जाऊन या. पंक्चर स्वतः काढता येतं का, दोन तास स्वतःबरोबर बरं वाटतं का, घरी वेळेवर फोन केला का, हे त्यात कळेल. मग त्याच रस्त्यानं एखाद्याबरोबर जा. तो चढावर कसा वागतो आणि तुम्ही त्याच्याशी कसं वागता, तेही कळेल.

बारा जणांच्या ग्रुपमध्ये असा एक किंवा दोन जण सापडले तरी पुष्कळ. त्यांना घेऊन वेंगुर्ल्याचा रस्ता धरा. नाही सापडले तर तारीख पुढे ढकलू नका. परुळ्यापर्यंत एकट्यानंच जा, दुपारी सावलीत टेका, संध्याकाळच्या आत घरी परत या. आणि आईनं दारातच विचारलं, सोबतीक कोण आसा, तर तिला सगळा बेत कागदावर लिहून द्या: निघण्याची वेळ, वाटेतली गावं, फोन कधी करणार, परत कधी येणार. तो कागद तिच्याकडे असला की घरात तरी कोणीतरी तुमच्याबरोबर गावागावानं येत असतं.